एक गीत, अनेक मुलूख : प्रस्तावना

एखाद्या नगरीच्या चौकात, रेल्वे स्थानकाबाहेर किंवा नदीच्या घाटावर जो गायक वा वादक वर्षानुवर्षे आपली कला येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे मांडीत असतो, त्याचे गाणे त्याच्याच जागी ध्वनिमुद्रित करावयाचे, ते मुद्रण बरोबर घेऊन दुसऱ्या मुलखात जावयाचे, तेथील कलावंताच्या कानी ते घालून त्याच्याकडून त्यावर त्याची साथ घ्यावयाची, आणि अशा रीतीने परस्परांची कधी भेटही न झालेल्या कलावंतांचे एकच गीत त्या सर्वांच्या चित्रांसह पडद्यावर सिद्ध करावयाचे, असा जो एक कलाप्रकार गेल्या पाव शतकात जगभर रूढ झाला आहे, त्याचा इतिहास, त्याचे तंत्र आणि त्याची नीती या तीन अंगांचा विचार पुढील पानांत केलेला आहे. मैफलीत समोरासमोर बसलेल्या कलावंतांची जी तत्काळ देवघेव चालते ती येथे संभवत नाही, आणि चित्रपटगीतात एका संगीतकाराच्या आज्ञेत सारा वाद्यवृंद वागतो तसेही येथे घडत नाही. म्हणून मैफलीच्या वा चित्रपटगीताच्या मापाने यास मोजणे अन्यायाचे होईल. या पुस्तकात त्यास सहयोगी गीतपट असे म्हटले आहे.

या प्रकाराची वाखाणणी करताना जगाच्या ऐक्याची भाषा सहज तोंडी येते, आणि ती अगदीच निराधार असते असे नाही. परंतु तिच्या आश्रयाने चांगला गीतपट आणि सुमार गीतपट यांतील भेदच पुसला जातो, कारण दहा शहरांची चित्रे एकामागून एक जोडली की ऐक्याचा देखावा कोणत्याही गीतपटात उभा राहतोच. माझ्या मते या कलेचा प्राण एकत्र वाजविण्यात नसून क्रमाने ऐकण्यात आहे. साखळीत जो कलावंत पुढे येतो तो आपल्या आधीच्या सर्वांचे ऐकून मग आपला स्वर लावतो; आधीच्यांना मात्र त्याचे ऐकून आपला स्वर सावरण्याची सोय उरलेली नसते. हा व्यवहार मुळातच एकतर्फी आहे, आणि त्यास न्यायाचे रूप द्यावयाचे असेल तर नव्याने आलेल्यास गीतात काही पालटण्याचा अधिकार असला पाहिजे. तेव्हा गीतपटाची परीक्षा करताना विचारण्याजोगा प्रश्न एकच : दूरच्या गावच्या त्या वादकाने तयार गीतावर केवळ नक्षी काढली, की त्याच्या येण्याने गीतच काही अंशी निराळे झाले?

दूरच्या मुलखात जाऊन तेथील गाणे टिपून आणण्याची वहिवाट तशी जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांचे गायन त्यांनी कर्ण्यासमोर मुद्रित केले, तेव्हा त्यांचा हेतू उघड व्यापाराचा होता. १९०६ पासून बेला बार्टोक हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून फोनोग्राफ घेऊन हिंडू लागले, तेव्हा त्यांचा हेतू लोकगीतांच्या संशोधनाचा होता. आणि त्याच दशकात, १९०४ साली, वकिली पेशाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ, पंडित विष्णु नारायण भातखंडे, दक्षिणेच्या प्रवासास निघाले, एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले, आणि पुढील काही वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, जयपूर, बिकानेर असा मुलूख पालथा घालून त्यांनी उस्तादांशी झालेल्या संवादांची टिपणे रोजनिशीत जमा केली. हेतू भिन्न असले तरी या तिघांच्या उद्योगास एक समान मर्यादा होती. प्रवासी सर्वांचे ऐकत असे, परंतु ज्यांचे तो ऐके त्यांना परस्परांचे ऐकावयास मिळत नसे. आणि मिळाले तरी कलकत्त्याच्या गायिकेच्या तबकडीवर मद्रासच्या वैणिकाने आपली साथ चढवावी, हे त्या काळच्या यंत्रास झेपणारे नव्हते.

ती अडचण अनेकपदरी ध्वनिमुद्रणाने दूर केली. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने आपल्याच वादनावर आपलेच वादन चढविण्याचे प्रयोग पुष्कळ वर्षे केले होते, आणि १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीचे आठ पदरांचे यंत्र त्यांच्या हाती आले. त्या यंत्राची खुबी अशी की, फितीच्या एका पदरावरील जुने वादन ऐकत असताना तिच्याच दुसऱ्या पदरावर नवे वादन अचूक त्या क्षणाशी जुळवून मुद्रित करता येत असे. पुढे हे तंत्र गाण्याच्या धंद्यात सर्वत्र रुळले. तथापि यंत्र अवजड, त्याची खोली बंदिस्त, आणि भाडे तासावर, अशी स्थिती असल्यामुळे कलावंताने यंत्राकडे जावे हाच रिवाज चालू राहिला, आणि ज्याला तेथवर पोचण्याची ऐपत वा ओळख नव्हती तो बाहेरच राहिला. संगणक मांडीवर मावू लागला आणि कॅमेरा हातात, तेव्हा यंत्रानेच कलावंताच्या दारी जावे असा उलटा प्रवाह सुरू झाला. त्या प्रवाहातील एक आरंभीचे फळ म्हणजे २००२ साली निघालेला ‘वन जायंट लीप’ हा संग्रह आणि त्याचा चित्रपट. जेमी कॅटो आणि डंकन ब्रिजमन हे दोघे इंग्लिश संगीतकार संगणक आणि कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडले, आणि त्यातील एका गीतात अमेरिकेचे मायकेल स्टाइप आणि आपल्या आशा भोसले यांचे स्वर एकत्र आले.

परंतु ज्या उद्योगामुळे हा प्रकार घराघरांत पोचला तो ‘प्लेइंग फॉर चेंज’ या नावाचा होय, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यासच दिलेला आहे. मार्क जॉन्सन हे न्यूयॉर्क येथील ध्वनिमुद्रणगृहात तंत्रज्ञाचे काम करीत असता एके दिवशी भुयारी रेल्वेच्या फलाटावर त्यांना दोन संन्यासी दिसले. एक गिटार वाजवीत होता, दुसरा जॉन्सन यांना न कळणाऱ्या भाषेत गात होता, आणि ज्यांना गाडी गाठावयाची होती ते लोक गाडी सोडून तेथे खोळंबले होते. जॉन्सन यांनी पुढे अनेकदा सांगितलेला हा प्रसंग त्यांच्या उद्योगाचे मूळ ठरला, कारण जे संगीत ऐकण्यास लोक थबकतात ते बंद खोलीत न शोधता रस्त्यावर शोधावे, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. व्हिटनी क्रोंकी यांच्यासह त्यांनी २००२ साली कामास प्रारंभ केला. २००५ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे रस्त्यावर गाणाऱ्या रॉजर रिडली यांचा खर्जाकडे झुकणारा भरदार आवाज त्यांच्या कानी पडला. रिडली ‘स्टँड बाय मी’ हे बेन ई. किंग यांनी १९६१ साली लोकप्रिय केलेले गीत गात होते. ते गायन जागच्या जागी मुद्रित करून जॉन्सन यांनी बरोबर घेतले आणि गावोगावच्या कलावंतांपुढे ठेवले. न्यू ऑर्लीन्सच्या पदपथावर हार्मोनिका वाजविणारे, दृष्टी गमावलेले वृद्ध गायक ग्रँडपा एलियट, ॲमस्टरडॅमचे क्लॅरेन्स बेकर, न्यू मेक्सिकोतील झुनी जमातीचा ढोलवादकांचा मेळ, इटलीतील लिव्होर्नोचा गिटारवादक, रिओ दि जानेरोचा काव्हाकिन्यो वाजविणारा, मॉस्कोचा चेलोवादक, दक्षिण आफ्रिकेतील गुगुलेथूचा बेसवादक आणि उमलाझीचा गायकवृंद, असे एकामागून एक पदर त्यावर चढत गेले.

हा गीतपट नोव्हेंबर २००८ मध्ये जगापुढे आला आणि पुढे तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. परंतु ज्यांच्या कंठापासून त्याचा आरंभ झाला ते रिडली २००५ सालीच निवर्तले होते. आपल्या आवाजावर मॉस्कोत आणि उमलाझीत काय चढले, हे त्यांनी कधी ऐकले नाही. वर ज्यास एकतर्फी व्यवहार म्हटले त्याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

हे सर्व जुळते कसे, हा प्रश्न जिज्ञासू वाचकास पडेल, आणि तंत्राचे प्रकरण लांबले आहे ते त्यासाठीच. पहिली बाब सुराची. जो कलावंत प्रथम मुद्रित होतो त्याची पट्टी ही साऱ्या गीताची पट्टी ठरते. मग पुढच्या गावी बासरीवाला भेटला तर त्या पट्टीची बासरी त्याच्या पिशवीत असावी लागते, तबलजीला हातोडीने गट्टे ठोकून तबला तेथवर चढवावा वा उतरवावा लागतो, आणि गायिकेस काळी चारमध्ये गाण्याची सवय असून गीत काळी एकमध्ये असले तर तिने कोणत्या सप्तकात शिरावयाचे याचा फैसला त्या रस्त्याच्या कडेलाच करावा लागतो. ज्या वाद्याचे स्वर मुळातच ठाम बांधलेले असतात, त्याच्या वादकास मागील सर्वांशी जुळवून घेण्याची मुभाच नसते. त्यास गीताबाहेर ठेवावे की गीत त्याच्या पट्टीवर नव्याने मांडावे, येथेच संयोजकाची खरी वृत्ती प्रकट होते.

दुसरी बाब लयीची, आणि ती अधिक बिकट आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो; म्हणजे ढोलताशांच्या पथकात पहिल्या रांगेपासून ३४ मीटर मागे असलेल्या वादकास पुढचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, आणि मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा उशीर मात्रेच्या पाचव्या हिश्शाइतका भरतो. विद्युत्संदेशाने हे अंतर मिटेल असे कोणास वाटेल. परंतु मुंबई आणि रिओ दि जानेरो यांमधील १३ हजारांहून अधिक किलोमीटर प्रकाशतंतूतून सरळ रेषेत कापावयाचे म्हटले तरी एका फेरीस सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो, आणि उत्तर परत येईतो त्याची दुप्पट होते. म्हणून दूरदेशीच्या दोघांनी एकाच क्षणी एकमेकांचे ऐकत द्रुत लयीत वाजविणे हे निसर्गनियमांनीच दुर्घट केले आहे. एकामागून एक मुद्रण करण्याची रीत अपरिहार्य आहे ती या कारणाने. हेडफोनमधून येणाऱ्या आधीच्या मुद्रणाला अंतर नसते. वादक त्याच्याशी जणू शेजारी बसल्याप्रमाणे बांधला जातो. ही लय राखण्यासाठी पुष्कळदा यंत्राची टिकटिक सर्वांच्या कानी घालतात, आणि त्याने काम सोपे होते यात संशय नाही. परंतु ज्या गायकाचा श्वास टिकटिकीवर चालत नाही, जो ओळीच्या अखेरीस किंचित रेंगाळून मग समेवर येतो, त्याचा रेंगाळ राखावयाचा असेल तर पुढच्या साऱ्यांना त्याच्या श्वासावर नजर ठेवून वाजवावे लागते. साथसंगत म्हणून आपल्याकडे जी विद्या मानली जाते ती हीच. फरक इतकाच की येथे साथीदाराकडे वळून पाहणारा मुख्य गायक समोर नसतो.

तिसरी बाब जागेची. रस्त्यावरच्या मुद्रणात गाड्यांचे आवाज, पोरांची हाक, वाऱ्याची सळसळ हे सारे येते, आणि बंद खोलीची शुद्धता त्यास नसते. ते पुसून काढावे की राहू द्यावे, याबद्दल तंत्रज्ञांत मतभेद आहेत. राहू दिले तर दहा शहरांच्या दहा गोंगाटांचा चिखल होतो. सारे पुसले तर ज्या जागेसाठी एवढा प्रवास केला तिचा मागमूस उरत नाही, आणि मग पडद्यावरचे शहर निव्वळ मागचा रंगविलेला पडदा ठरते. जाणते लोक मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ ठेवतात आणि जागेचा ध्वनी दुसऱ्या पदरावर स्वतंत्र घेतात, म्हणजे एखाद्या क्षणी ते शहर ऐकू यावे आणि दुसऱ्या क्षणी मागे सरावे, असा बंदोबस्त करता येतो.

या ठिकाणी मराठी वाचकास एका स्वदेशी उदाहरणाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. लोकसेवा संचार परिषदेच्या वतीने सिद्ध झालेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत १५ ऑगस्ट १९८८ रोजी, लाल किल्ल्यावरील पंतप्रधानांच्या भाषणानंतर, दूरदर्शनवरून प्रथम प्रक्षेपित झाले. सुरेश मलिक यांची कल्पना, पीयूष पांडे यांचे शब्द, कैलाश सुरेंद्रनाथ यांचे दिग्दर्शन, आणि संगीताच्या बाजूस अशोक पत्की व लुई बँक्स, असा तो संच होता. आरंभी पंडित भीमसेन जोशी, दक्षिणेचे बालमुरलीकृष्ण आणि अखेरच्या भागात लता मंगेशकर यांचे स्वर आहेत, आणि एकच आशय १४ भाषांतून फिरतो. गीताचा पाया भैरवीचा. ही निवड मोठ्या जाणिवेची आहे, कारण भैरवीत रूढीने बाराही स्वरांना वाव मिळतो, आणि देशाच्या अनेक प्रांतांतील भजनांना व लोकधुनांना तिचे अंग परिचयाचे असते. त्यामुळे काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंतचा गायक तीत परका ठरत नाही. परंतु तेथील योजना वरून खाली आलेली होती. शब्द आधी ठरले, चाल आधी ठरली, आवाज मुख्यतः ध्वनिमुद्रणगृहात घेतले गेले आणि चित्रे निसर्गात. धबधब्याच्या सान्निध्यात उभ्या असलेल्या पंडितजींच्या आवाजात पाण्याचा एक थेंबही ऐकू येत नाही. राष्ट्राच्या वतीने काढलेल्या त्या सुबक घोषणेचे मोल मी कमी लेखीत नाही. मात्र गाणारे नामवंत होते आणि प्रांतोप्रांतीचे सामान्यजन केवळ दिसत होते, ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे ज्यात रस्त्यावरच्या माणसाचाच आवाज गीताचा आधार होतो तो पुढचा प्रकार किती वेगळा आहे हे कळून येते.

तथापि त्या पुढच्या प्रकारासही दोषमुक्त म्हणता येत नाही. ‘स्टँड बाय मी’ सारखे गीत जगभर फिरू शकले, त्याचे एक कारण असे की ते चार स्वरसंघातांच्या एका लहान आवर्तनावर उभे आहे. हे आवर्तन अखेरपर्यंत तेच राहते, म्हणून ते एकदा कानात बसले की गिटारवादक, चेलोवादक, गायकवृंद, कोणीही त्यात सहज शिरतो. परंतु ज्या संगीतपरंपरेत स्वरसंघात नाहीत, जेथे षड्जाच्या अखंड आधारावर एकच सूर वळणे घेत वाढतो, तेथील कलावंत या आवर्तनात आला की त्याला आपली विद्या दाराशी ठेवून आत यावे लागते. पाहुण्याचे पागोटे तेवढे ठेवून घ्यावे आणि त्याला बोलू देऊ नये, तशी त्याची गत होते. सारंगीवाला चार स्वर वाजवून जातो, प्रेक्षक त्याच्या फेट्याकडे पाहून सुखावतो, आणि गीत होते तसेच पुढे चालते. आरंभी सांगितलेली कसोटी लावली तर हा प्रसंग नापास ठरतो. उलट झुनी ढोलवादकांचा ठेका जेव्हा गीताच्या लयीस नवे वजन देतो, किंवा उमलाझीचा वृंद शिरताच एकट्या माणसाची विनवणी समूहाचे आश्वासन होऊन जाते, तेव्हा गीत खरोखर पालटले असे म्हणावे लागते. एकाच गीतपटात दोन्ही प्रकारचे प्रसंग असू शकतात, आणि ते निवडून दाखविणे हे समीक्षकाचे काम आहे.

नीतीचा विचार येथून सुरू होतो. मुद्रण करणारा परत जातो, कात्री त्याच्या हाती असते, आणि तासाभराच्या वादनातील बारा सेकंद ठेवावयाचे की एक, हे तोच ठरवितो. अशा वेळी कलावंताजवळ काय उरते? भारतापुरते बोलावयाचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क स्पष्ट झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे व त्याचा विपर्यास होऊ नये, असे दोन नैतिक हक्क त्यास लाभले. परंतु त्याच दुरुस्तीत अशीही एक मेख आहे की, चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे असून धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र दिले जात नाही, त्यास विपर्यासाविरुद्धच्या हक्कापुरतेच सादरकर्ता मानले जाते, एरवी नाही. म्हणजे अखेरच्या नामावलीत घाटावरच्या सनईवाल्याचे नाव घालणे हा केवळ शिष्टाचार नसून त्याच्या हक्काचा दस्तऐवज आहे. या बाबतीत आदर्श पाहावयाचा तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या उद्योगातून संगृहीत झालेल्या जात्यावरील ओव्यांकडे पाहावे : एक लाखाहून अधिक ओव्यांचे ते दप्तर गाणारणीच्या नावागावासह नोंदलेले आहे, आणि त्यामुळे ओवी कोणाची हा प्रश्न तेथे निराधार राहत नाही.

मोबदल्याची गोष्टही याच तपशिलात येते. ‘प्लेइंग फॉर चेंज’च्या चालकांनी २००७ साली एक प्रतिष्ठान स्थापून, ज्या वस्त्यांतून त्यांना कलावंत मिळाले होते तेथे संगीतशाळा उभारण्याचे काम हाती घेतले, आणि गुगुलेथू येथे तशी शाळा निघाली. ही तजवीज स्तुत्य आहे. तरी वस्तीला मिळालेली शाळा आणि वादकाच्या हाती पडलेले मानधन हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि एकाच्या नावावर दुसरा वळता करता येत नाही. मुद्रणापूर्वी कलावंताच्या भाषेत वाचून दाखविलेला करार, मानधनाची रोख पावती, आणि गीत सिद्ध झाल्यावर त्याच्या गावी जाऊन त्यास ते ऐकविण्याची व्यवस्था, एवढे तरी प्रत्येक संयोजकाने आपल्यावर बंधन मानावे असे मी सुचवितो. यांतील तिसरे बंधन पैशाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आणि आचरणात सर्वांत दुर्मीळ आहे. ज्या व्यवहारात पुढच्याचे मागच्यास ऐकू येत नाही, तेथे निदान शेवटी तरी सर्वांना सर्वांचे ऐकू यावे, हे त्यामागील तत्त्व आहे.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात मुद्रणाच्या इतिहासाचा आढावा आहे. दुसऱ्यात सूर, लय आणि जागा यांची तांत्रिक चर्चा. तिसऱ्यात निवडक गीतपटांचे, एकेका कलावंताचा प्रवेश घेऊन केलेले विवेचन. आणि चौथ्यात हक्क, करार व मानधन यांचा ऊहापोह. ज्यास स्वतः असा गीतपट काढावयाचा आहे त्याने दुसरा व चौथा भाग आधी वाचावा. ज्यास केवळ रसिक म्हणून या विषयाशी परिचय करून घ्यावयाचा आहे त्याने तिसऱ्यापासून आरंभ केला तरी चालेल, मात्र प्रत्येक गीतपट दोनदा ऐकावा, एकदा पडद्याकडे पाहून आणि एकदा डोळे मिटून. दुसऱ्या खेपेस ज्या कलावंताचे येणे आणि जाणे कानास कळत नाही, तो त्या गीतपटात केवळ दिसण्यापुरता होता असे समजावे. आणि असे कलावंत अधिक निघाले, तर संयोजकाने कितीही देश पालथे घातले असले तरी त्याने गीत एकाच शहरात केले, असा निवाडा देण्यास वाचकाने कचरू नये.